रिकामा खुंटा

कुमुदताईंनी हेडफोन काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाटशेत हिरवं झालं बघ. आता चहा मागव सगळ्यांना. मी निघते, डोकं भणभणतंय."

समोरच्या भिंतीभर मोठा पडदा होता. त्यावर देशातल्या बंदरांची नावं आडव्या पट्ट्यांमध्ये लागलेली असत. समुद्रात गेलेली एक जरी बोट परतायची राहिली असेल तर त्या बंदराची पट्टी लाल, सगळ्या आल्या की हिरवी. दिवाळी नुकतीच झाली होती आणि अरबी समुद्रात वादळ उठलं होतं. आदल्या दिवशी आमच्या मराठी टेबलाच्या सगळ्या पट्ट्या लालभडक होत्या. रात्रभरात एकेक निवळत गेली आणि आता दुपारी शेवटची, भाटशेत बंदराची, हिरवी झाली होती. ज्या टेबलाच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या होतील त्यानं हॉलमधल्या सगळ्यांना चहा पाजायचा, अशी तिथली पद्धत होती. कँटीनवाला तर पडद्याकडे डोळे लावूनच बसलेला असे.

मी तेव्हा दिल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. निदान घरी तसं सांगितलेलं होतं. अभ्यास कंटाळवाणा झाला की मी आपत्तींवर देखरेख करणाऱ्या या केंद्रात शिफ्टला जायची. प्रत्येक भाषेचं एक टेबल. त्या भाषेतल्या वाहिन्या बघायच्या, गावोगावच्या माणसांना फोन करायचे, ऐकलेलं लिहून वर द्यायचं. कायमस्वरूपी नोकर थोडे, बाकी आम्ही शिफ्टवाले. दर सोमवारी दारापाशी आठवड्याची यादी लागे. यादीत नाव असलं तर यायचं, नसलं तर काय ते समजून घ्यायचं. कोणी कारण विचारत नसे आणि कोणी सांगतही नसे.

मी वऱ्हाडातली. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. समुद्र मी फक्त चित्रात पाहिलेला. कुमुदताई सप्रे तर जन्मल्या-वाढल्या दिल्लीतल्याच करोल बागेत. त्यांच्या मराठीत मधूनच हिंदी डोकावे आणि बोट कशी बांधतात हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तरी किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार संस्थेचा माणूस त्यांना आवाजावरून ओळखायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, आपण फक्त विचारायचं आणि ऐकायचं, सांगायचं काही नाही. सूचना जिल्ह्यातून जातात. आपण इथून एक बोललो आणि तिथला अधिकारी दुसरं बोलला तर लोकांचे हाल व्हायचे. दुसरी गोष्ट त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना मोठा अभिमान होता.

"संस्थेच्या कारकुनाला किती बोटी आल्या असं कधी विचारू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "तो खुर्चीत बसल्या बसल्या आकडा ठोकून देईल. खाडीत प्रत्येक बोटीचा आपापला खुंटा ठरलेला असतो. तू विचार, खुंटा कुठला रिकामा आहे का? मग त्याला उठून बघावंच लागतं."

खरोखरच उठून बघत. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज येई, मग वारा ऐकू येई, मग माणूस धापा टाकत परत येई. त्या दुपारीही भाटशेतचा कारकून असाच पावसात धक्क्यापर्यंत जाऊन आला होता आणि एकही खुंटा रिकामा नाही असं सांगून जेवायला गेला होता.

मी चहा मागवला. शेजारच्या गुजराती टेबलावर रमणिकभाई बसले होते. त्यांनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही. साठी उलटलेला हा माणूस एरवी सगळ्यांची टर उडवायचा. मराठी टेबलाचा चहा म्हणजे अर्धा कप गरम पाणी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्या दिवशी मात्र त्यांची एक पट्टी अजून लाल होती. 'हरसिद्धी' नावाची एक बोट आली नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर शोधाला निघालेलं एकच विमान होतं आणि भाटशेत हिरवं झाल्याबरोबर तेही सगळा वेळ उत्तरेला, 'हरसिद्धी'च्या मागे लावलं होतं. रमणिकभाई दर थोड्या वेळानं त्या गावी फोन करायचे आणि तेच तेच वाक्य हळू आवाजात बोलायचे. मला गुजराती येत नव्हतं, पण त्या वाक्याचा अर्थ कळत होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मदतीच्या नंबरावर आलेला मराठी फोन होता, म्हणून आमच्या टेबलाकडे वळवला होता.

"ताई, मी भाटशेतवरनं बोलते. चांगुणा चोगले. टीव्हीवर दाखवतात की भाटशेतच्या सगळ्या बोटी आल्या. आमची कुठं आली?"

कोणाची बोट, काय नाव, असं मी विचारलं. बोट 'मोरेश्वर'. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तिचा नवरा पद्माकर. बरोबर तिचा भाचा आणि दोन खलाशी. काल सांजेपासून त्यांचा फोन नाही. तिनं आदल्या दिवशीच संस्थेत नाव दिलं होतं, शोध चालू आहे अशा समजुतीत ती सकाळपासून देवापुढे बसून होती. जेवणानंतर शेजारणीनं बोलावून टीव्ही दाखवला. मग ती संस्थेत धावली तर तिथं कुलूप. टीव्हीवर खाली नंबर फिरत होता तो तिनं लावला.

मला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की कारकुनानं स्वतः जाऊन पाहिलंय, खाडीत एकही खुंटा रिकामा नाही.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिले.

"हाय मी," ती म्हणाली. "आमच्या खुंट्यावर दुसरी बोट हाय. गुजरातची. पहाटे आली ती."

"तुमच्या खुंट्यावर कुणी बांधू दिली?"

"ते मागनं सांगते. तुम्ही आधी ह्यांचं बघा."

त्या गुजरातच्या बोटीचं नाव काय, असं मी विचारलं. ते तिला माहीत नव्हतं. मी तिला जाऊन बघून परत फोन करा म्हटलं आणि सरळ बिष्टसाहेबांच्या काचेच्या खोलीकडे पळाले.

बिष्टसाहेब त्या दिवशीचे मुख्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता. दोन दिवस घरी गेलेला नव्हता आणि दाढी वाढली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, संस्था काय म्हणते? मी म्हटलं, संस्थेला कुलूप आहे, कारकून फोन उचलत नाही. ते म्हणाले, मग मी एका बाईच्या फोनवर हिरवी पट्टी लाल कशी करू? सकाळपासून असे कितीतरी फोन आलेत, नवरा दुसऱ्याच बंदरात सुखरूप निघालाय. विमान एकच आहे. ते 'हरसिद्धी'वरून काढायचं आणि ही बोट उद्या कुठल्यातरी खाडीत सापडायची, मग त्या लोकांना मी काय तोंड दाखवू?

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हाच तर त्रास होता. नियमही त्यांच्याच बाजूचा होता. हिरवी पट्टी पुन्हा लाल करायची तर संस्थेचा शब्द हवा. नाहीतर ज्यानं ती हिरवी केली त्यानं स्वतःचं नाव घालून मागे घ्यायला हवी. शिफ्टवाल्यानं पट्टी मागे घेतली की त्याचं नाव पुढच्या यादीत दिसत नाही, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे सहसा कोणी त्या वाटेला जात नसे.

मी कुमुदताईंना फोन लावला. त्या बसमध्ये होत्या, मागे कंडक्टरचा आवाज येत होता. त्याही माझ्यासारख्या शिफ्टवाल्याच, आणि त्यांना ती नोकरी किती हवी होती ते मला माहीत होतं. घरी दोन भावजयांच्या राज्यात राहणाऱ्या या बाईला सांगण्यासारखं तेवढं एकच स्वतःचं असं होतं. मी कसंबसं सांगितलं, की खुंटा भरलेला होता पण बोट दुसऱ्याच कोणाचीतरी होती.



"मी बोट कुणाची हे विचारलंच नाही ग," त्या म्हणाल्या. "खुंटा रिकामा आहे का, एवढंच विचारलं."

"ताई, आता काय करू?"

"लाल कर. माझं नाव घाल. बिष्टला माझ्याशी बोलायचं असेल तर दे फोन."

बिष्टसाहेबांनी फोन घेतला, दोनदा 'ठीक आहे' म्हणाले आणि ठेवला. भाटशेतची पट्टी लाल झाली. हॉलमधल्या माना वर झाल्या. ज्यांच्या हातात आमच्या चहाचे कप होते त्यांनी ते खाली ठेवले. त्या गोष्टीचा मला उगाचच राग आला.

पट्टी लाल झाली म्हणून विमान लगेच वळलं असं नाही. ते अजून उत्तरेलाच होतं. बिष्टसाहेब फोनवर दुसऱ्या कोणाकडे तरी दुसरं विमान मागत होते आणि पलीकडचा माणूस त्यांना हवामान समजावत होता. मी माझ्या फोनपाशी बसून राहिले. इतकं असहाय मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं.

चांगुणाबाईंचा फोन आला तेव्हा मागे वारा नुसता घोंगावत होता. ती खाडीवरूनच बोलत होती. त्या बोटीवरची माणसं मेल्यासारखी झोपली होती, म्हणाली, त्यांना हलवून उठवावं लागलं. बोटीतलं सगळं भिजलेलं, फोन बंद पडलेले. पहाटे आल्यावर त्यांना तिनंच पेज करून घातली होती. जेवून जे पडले ते आत्ता उठले. गावात ज्याला त्याला आपापल्या बोटींची पडलेली, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

"नाव काय बोटीचं?"

"हरसिद्धी म्हणतो तांडेल."

मी रमणिकभाईंकडे पाहिलं. ते तिकडच्या फोनवर तेच वाक्य बोलत होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि नाव सांगितलं. त्यांना आधी कळेच ना. मग मी माझा हेडफोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे चांगुणाबाईंनी आपला फोन त्या तांडेलाच्या हातात दिला असावा. रमणिकभाई दोन-तीन शब्द बोलले. टेबलाची कड धरून ते उभे राहिले आणि तसेच उभे राहून रडू लागले.

दिवसभर ज्या बोटीसाठी विमान समुद्र पिंजून काढत होतं ती चांगुणाबाईंच्या खुंट्याला बांधलेली होती. आणि जिला शोधायला हवं होतं तिच्या नावानं हॉलमध्ये चहा वाटला गेला होता. हे सगळ्यांना एकाच वेळी समजलं. गुजराती पट्टी हिरवी झाली तसा कँटीनवाला उठला. रमणिकभाईंनी त्याला हातानंच थांबवलं. मग ते माझ्याकडे वळले आणि दोन्ही हात जोडले. माझ्याकडे बघणं त्यांना जमत नव्हतं.

बिष्टसाहेब खोलीतून जवळजवळ धावतच बाहेर आले. विमान दक्षिणेला वळवलं होतं. 'मोरेश्वर' साधारण कुठे जाळी टाकते ते विचार, म्हणाले. मी विचारलं. चांगुणाबाईंनी वाऱ्यातून ओरडून सगळं सांगितलं. खाडीच्या तोंडातून सरळ बाहेर, मग डाव्या हाताला, दीपगृह दिसायचं बंद होतं तिथवर. मी लिहिलं, बिष्टसाहेबांनी वाचलं, पुढे कळवलं. बाहेर दिल्लीत धुरकट संध्याकाळ व्हायला लागली होती आणि तिकडे समुद्रावरही उजेड थोडाच उरला होता.

विमानानं पाणी पाहिलं, फेस पाहिला, एक रिकामं पिंप पाहिलं. अंधार पडला तसं ते परतलं.

चांगुणाबाईंचा पुन्हा फोन आला. तो मी घेऊ नये, असं मला फार वाटत होतं. पण टेबल माझं होतं.

"ताई, विमान गेलं वाटतं आमच्या डोक्यावरनं. दिसले का?"

"नाही दिसले. उद्या उजाडलं की पुन्हा जाईल विमान."

"बरं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. नियमाआड लपणं सोपं होतं म्हणून मी गप्प बसले. तीच पुन्हा बोलू लागली, अगदी सावकाश, जसं काही रोजचं घरचं सांगत असावी.

"ती बोट मीच बांधली, ताई. मघाशी तुम्ही विचारलं तेव्हा सांगवलं नाही. पहाटे मी बॅटरी घेऊन खाडीवर गेलेले. तोंडातनं एक बोट आत येताना दिसली. मला वाटलं, हेच आले. मी चिखलातनं धावत गेले. जवळ आली तर दुसरीच. तांडेल म्हातारा हाय त्यांचा, थरथरत होता. आमचा खुंटा तेवढा रिकामा होता. मी म्हटलं, हे येईस्तोवर राहू दे ह्यांना. मीच दोर धरला."

मला वाटतं मी तिचं नाव घेतलं.

"दोर धरला नसता तर खुंटा रिकामा दिसला असता ना?"

मी खोटं बोलू शकले असते. हॉलमध्ये शंभर आवाज चालू होते, ऐकू आलं नाही असंही म्हणता आलं असतं.

"ती माणसं बुडाली असती, चांगुणाबाई," मी म्हटलं.

"व्हय. तेही हायच." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "एक सांगा. आता त्यांना तिथनं हलवू का? हे रात्रीचे आले तर खुंटा लागंल."

आपण फक्त विचारायचं आणि ऐकायचं, सांगायचं काही नाही. बिष्टसाहेब माझ्या मागेच उभे होते आणि त्यांना मराठी बऱ्यापैकी समजत होतं.

"हलवा," मी म्हटलं. "आत्ताच हलवा."

"दमल्यात हो माणसं. पण सांगते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बिष्टसाहेब मागे वळून आपल्या खोलीत गेले.

सोमवारी दारापाशी यादी लागली. तिच्यात कुमुदताईंचं नाव नव्हतं. मी त्यांना भेटायला करोल बागेत गेले तेव्हा त्यांनी पोहे केले, परीक्षेची चौकशी केली आणि निघताना दारात फक्त एवढंच विचारलं, "सापडली का ग?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्यांच्या शिफ्टा मला मिळाल्या. त्या नको म्हणण्याइतकी मी थोर नव्हते, आणि भाटशेतचा फोन दुसऱ्या कोणी करावा हेही मला नको होतं.

विमान रोज जात होतं. पुढे एका सकाळी दुसऱ्या बंदरातल्या मच्छीमारांना 'मोरेश्वर'चा पालथा सांगाडा दिसला. आत कोणी नव्हतं. आणखी दोन दिवस शोधून शोध थांबवायचं ठरलं. शोध थांबला की त्या बोटीचं नाव पडद्यावरून निघतं आणि यायची एकही बोट उरली नाही म्हणून बंदराची पट्टी हिरवी होते. असा तो हिशेब. बिष्टसाहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, एकदा विचारून घे संस्थेला, नेहमीसारखं.

मी फोन लावला. कारकून तोच होता. त्या दिवसापासून त्याचा आवाज पार खाली गेला होता.

"खुंटा कुठला रिकामा आहे का?" मी विचारलं. विचारण्याची रीत तीच होती, दुसरी मला कोणी शिकवली नव्हती.

तो उठून गेला. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. वारा नव्हता त्या दिवशी, लांबवर कोणाचं तरी इंजिन तेवढं सुरू होत होतं. तो बऱ्याच वेळानं परत आला.

"हाय एक रिकामा," तो म्हणाला. "चोगल्यांचा. बाई कुणाला बांधू देत नाय तिथं. रोज पहाटे बॅटरी घेऊन येते."

मी तसंच लिहिलं आणि कागद बिष्टसाहेबांना दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पट्टी स्वतःच हिरवी केली. मराठी टेबलाच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या, म्हणून कँटीनवाला सवयीनं चहा घेऊन आला.